दोन नाताळांमधले तेरा दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



डिसेंबर उजाडला की आमच्या वसईत एक हिशेब सुरू होतो. हा हिशेब करंज्यांच्या सारणाचा किंवा नव्या कपड्यांचा नसतो. यंदा घरी कोण येणार आणि कोण येणार नाही, याचा तो हिशेब असतो. कुणाचा मुलगा जहाजावर असतो, कुणाची सून आखातातल्या इस्पितळात परिचारिका असते, कुणाचा भाऊ कॅनडात स्थायिक झालेला असतो. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या अंगणात भेटणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "तुमचा येतोय ना?" गोठ्यात बाळ येशूची मूर्ती ठेवण्याआधी प्रत्येक घराने आपली माणसे मोजलेली असतात.

या मोजणीत मी दोन वर्षे न येणाऱ्यांमध्ये होते. २००७ आणि २००८ या दोन वर्षांचा नाताळ मी इथिओपियात काढला. पगारी नोकरीसाठी नव्हे, तर स्वयंसेवक म्हणून. परदेशात सेवेसाठी गेलेल्यांचे अनुभव आपण वाचतो, ऐकतो. त्यात काम असते, गरिबी असते, निसर्गही असतो. सणाचे दिवस मात्र त्यात फारसे सापडत नाहीत. मला वाटते, स्वयंसेवकाची खरी परीक्षा सणाच्याच दिवशी होते. कामाच्या दिवशी तुमची कुणाला तरी गरज असते. सणाच्या दिवशी माणसे आपापल्या घरात जातात, दार लोटून घेतात, आणि या गावात आपण नुसते पाहुणे आहोत की शेजारी झालो आहोत, हे त्या दिवशी कळते. माझ्या बाबतीत त्यात आणखी एक भर होती. माझा सण ज्या दिवशी होता, त्या दिवशी त्या गावाचा सणच नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मुंबईच्या एका नर्सिंग शाळेत मी वीस वर्षे शिकवत होते. नंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेमार्फत दोन वर्षांसाठी जायचे ठरवले. घरी आई होती, तिची परवानगी होती. वाडीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मात्र मला सरळ विचारले, "पोरी, सेवाच करायची तर आपल्या मोखाड्यात काय कमी आहे? त्यासाठी सातासमुद्रापार कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. जव्हार आणि मोखाडा वसईपासून शंभरेक किलोमीटरवर. तेव्हा ते सगळे ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने मान खाली घातली होती. त्या वर्तमानपत्रांची कात्रणे मी वर्गात वाचून दाखवली होती. त्यामुळे त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी घाई केली नाही. तो प्रश्न बरोबर घेऊनच मी विमानात बसले.

माझी नेमणूक झाली बहिर दार या गावी. राजधानी अदिस अबाबाच्या वायव्येला, ताना सरोवराच्या काठी वसलेले हे गाव. निळी नील नदी याच सरोवरातून बाहेर पडते. लव्हाळ्यासारख्या पपायरसच्या नावा वल्हवत माणसे जळण आणि फळे घेऊन काठाला लागतात. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे अठराशे मीटर, म्हणजे डिसेंबरात अंगावर शाल हवीच. तिथल्या आरोग्य महाविद्यालयात नव्या परिचारिकांना आणि आरोग्यसेविकांना शिकवणे हे माझे काम. इथिओपियाच्या सरकारने २००३ मध्ये एक मोठी योजना हाती घेतली होती. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना वर्षभराचे प्रशिक्षण द्यायचे आणि प्रत्येक गावगटासाठी दोघी नेमायच्या. पुढे अशा तीस हजारांहून अधिक मुली उभ्या राहिल्या. त्यांची गरज किती होती, हे एका आकड्यावरून कळेल. २००५ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार त्या देशात शंभरातली जेमतेम सहा बाळंतपणे प्रशिक्षित हातांनी होत होती. बाकीची घरात, सासूच्या नाहीतर शेजारणीच्या भरवशावर.

पहिल्याच आठवड्यात मला कळले की इथे शिकवण्याआधी शिकावे लागणार आहे. आणि सुरुवात घड्याळापासून करावी लागणार आहे. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तास अडीच वाजता आहे असे सांगितले, तर साडेआठला हजर व्हायचे. वर्षाचे महिने तेरा. तीस दिवसांचे बारा, आणि तेरावा पाच-सहा दिवसांचा. शिवाय त्यांचा सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. २००७ च्या सप्टेंबरात अख्ख्या देशाने रोषणाई करून इसवी सन २००० चे स्वागत केले, तेव्हा मी तिथेच होते. नवे सहस्रक दोनदा पाहिलेली माणसे जगात फार नसतील. तिथी, नक्षत्र आणि अधिक महिना सांभाळत वाढलेल्या आपल्या माणसांना वेगळ्या पंचांगाचे फारसे नवल वाटत नाही. पण पंचांग माहीत असणे आणि पंचांगाप्रमाणे जगणे, यांत फरक असतो.

मग भाषा. अम्हारिक लिपीत प्रत्येक अक्षराची सात रूपे असतात, स्वर बदलला की अक्षराला पाय फुटतो नाहीतर काना लागतो. बाराखडी घोकलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. घरमालकिणीच्या सात वर्षांच्या मुलीच्या वहीतून मी ती गिरवली. बोलण्यातल्या खुणा मात्र कुठल्या वहीत नसतात. तिथे 'हो' म्हणताना माणसे झटकन श्वास आत ओढतात. नर्सच्या कानाला तो आवाज धोक्याचा वाटतो. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की तुमचे म्हणणे समजले, पुढे बोला.

रस्त्यात पोरे मला बघून ओरडत, "फेरेंज! फेरेंज!" हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आवरेना. फेरेंज म्हणजे परका, परदेशी. आपला 'फिरंगी' तो हाच. दोन्ही एकाच मुळातून आलेले. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि मराठी कागदपत्रांत त्यांचे नाव फिरंगी. त्या फिरंग्यांच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेली मी सावळ्या रंगाची, साडी नेसणारी बाई आफ्रिकेत येऊन फिरंगी ठरले! वयस्कर माणसे मात्र वेगळ्या ओळखीने बोलत. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात शेकडो भारतीय शिक्षक, त्यांत केरळचे पुष्कळ, तिथल्या शाळांतून शिकवत होते. "आमचे गणिताचे मास्तर हिंदी होते," असे सांगून एखादे आजोबा मला बसायला स्टूल पुढे करत. आधी कुणीतरी नीट राहून गेलेले असले, की मागून येणाऱ्याला असे स्टूल मिळते.

आता नाताळाकडे येते. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत ख्रिस्तजन्माचा सण ७ जानेवारीला येतो. त्याला 'गेन्ना' म्हणतात. त्याआधी त्रेचाळीस दिवसांचा उपवास. नोव्हेंबरच्या शेवटी तो सुरू होतो. मांस, अंडी, दूध, लोणी सगळे वर्ज्य. अनेक जण दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे वसईत ज्या दिवसांत घराघरांतून भाजण्या-तळण्याचा वास येतो, त्याच दिवसांत माझ्या अंगणात चूल दुपारनंतर पेटत होती.

जेवणाचे माझे हाल झाले असतील, असे कुणाला वाटेल. पण उपवासाचे ते ताट मला माहेरचे वाटले. 'शिरो' नावाचा एक पदार्थ तिथे रोज असतो. नावावरून गोड वाटेल, पण ते चक्क हरभऱ्याच्या पिठाचे पिठले, त्यात लाल मसाला. खाली 'इंजेरा', म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याची आंबवलेली, जाळीदार, परातीएवढी आंबोळी. बाजूला मसुरीची आमटी. आणि तेल कशाचे, तर कारळ्याचे. ज्या कारळ्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, जी खुरासणी आपल्या डोंगरातले आदिवासी शेतकरी वरकस जमिनीत पेरतात, तिचे मूळ घर इथिओपिया. तिथे तिला 'नूग' म्हणतात. आपल्या जव्हारच्या उतारावरचे पिवळे फूल मला ताना सरोवराच्या वाटेवर पुन्हा भेटले.

तरीही डिसेंबर कठीण गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून स्वयंसेवकांमध्ये एक दुखणे पसरते. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला नाव नाही. माणसे किरकोळ कारणावरून भांडतात, रात्री झोपत नाहीत, पासपोर्टमधले तिकीट काढून पुन्हा पुन्हा बघतात. आमच्या गावात तेव्हा निरनिराळ्या देशांचे दहा-बारा स्वयंसेवक होते. कुणी लालिबेलाची दगडात कोरलेली चर्चेस पाहायला निघून गेले, कुणी झांझिबारच्या किनाऱ्यावर. एक तरुण मुलगा मुदत संपण्याआधीच कायमचा घरी परतला. त्याला कुणी दोष दिला नाही. काम त्याला जमत होते, संध्याकाळ जमत नव्हती.

मागे राहिलो त्यात मी होते आणि फिलिपीन्सची एक शिक्षिका होती. तिच्या देशात १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटे मिस्सा असते. बहिर दारमध्ये ती रोज पहाटे चारला उठून, शाल गुंडाळून, आपल्या खोलीत एकटीच गाणी म्हणत बसायची. एका संध्याकाळी तिने विचारले, "तुमच्याकडे घरावर काय टांगतात?" मी म्हटले, "चांदणी." ती म्हणाली, "आमच्याकडेही." तिच्याकडे बांबूच्या कामट्यांची, आमच्याकडेही बांबूच्याच. इथे बांबू कुठून आणणार? निलगिरीच्या फांद्या मात्र हव्या तेवढ्या. त्या तासून, वर कागद चिकटवून आम्ही दोघींनी पाच टोकांची चांदणी केली आणि ओसरीवर टांगली. घरमालकीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं बाळ दिवस भरण्याआधीच आलं वाटतं. आमचं अजून तेरा दिवसांनी यायचंय." बाळंतपणे शिकवणाऱ्या बाईला याहून मार्मिक टोमणा कोण मारणार!

त्या मैत्रिणीशी बोलताना एक जुना धागा हाती लागला. पेद्रो बाउतिस्ता हे नाव तिच्या चांगले परिचयाचे होते. मनिलाजवळ केसॉन सिटीत त्या संताच्या नावाचे चर्च आहे. मी म्हटले, त्याच्या बरोबर जपानमध्ये हुतात्मा झालेला एक जण माझ्या गावचा होता. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली, जन्म वसईत, साधारण १५५७ च्या सुमाराचा. किशोरवयातच तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. पुढे व्यापारही केला. मग मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे शिष्टमंडळ घेऊन पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषा होता हा वसईकर. क्योतोमध्ये या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालवले. १५९६ च्या डिसेंबरात त्यांच्या घरावर पहारा बसला. म्हणजे गोन्सालोचा शेवटचा नाताळ क्योतोत, कैदेत गेला. ३ जानेवारी १५९७ रोजी त्यांचे डावे कान कापून शहरातून धिंड काढली. मग भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारीला सव्वीस जणांना क्रुसावर दिले. १८६२ मध्ये गोन्सालो संतपदाला पोचला. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, गासमध्ये चर्च आहे.

त्याच्या मरणाविषयी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या संध्याकाळी मला त्याच्या जगण्याचे जास्त वाटले. तो धर्मगुरू नव्हता, पंडित नव्हता. त्याच्यापाशी होती ती परक्या गावाची भाषा. सोबतचे सगळे त्याच्या जिभेच्या आधाराने बोलत होते. कुष्ठरोग्याला काय दुखते, हे आधी समजावे लागते, मग मलम. हाच प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. चाळीसेक नाताळ त्याने परक्या मुलखात काढले. त्यातून आपल्याला मिळाले १६१६ मध्ये छापलेले 'ख्रिस्तपुराण', अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे. तो इथे केवळ राहून गेला असता, तर त्याचे नाव आज कुणाला आठवले असते?

२००७ चा २५ डिसेंबर मंगळवारी आला. महाविद्यालय चालू, तास चालू. वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशीचा धडा होता नवजात बाळाची काळजी. बाळ आधी कोरडे करा. आईच्या उघड्या छातीशी ठेवा. दोघांवर मिळून पांघरूण घाला. पहिल्या तासात अंगावर पाजा. नाळेला शेण, लोणी, राख काहीही लावू नका. चाळीस मुली बाहुलीवर सराव करत होत्या. आज माझा सण आहे, हे मी त्यांना सांगितले नव्हते. धडा नेहमीसारखाच झाला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी थांबली. तिने विचारले, "घरात पांघरूण एकच असेल तर?" मी म्हटले, "तर ते दोघांवर घाल. म्हणून तर बाळाला आईच्या अंगाशी ठेवायचं." तिने श्वास आत ओढला. समजले.

संध्याकाळी घरमालकिणीच्या ओसरीवर कॉफी होती. हिरव्या बिया समोरच भाजायच्या, कुटायच्या, मातीच्या सुरईत उकळायच्या, आणि एकाच भुकटीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या करायच्या. तिसरी फेरी घेतल्याशिवाय उठणे अशिष्टपणाचे. आईने नोव्हेंबरात धाडलेले पार्सल आठवड्यापूर्वीच मिळाले होते. त्यात केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी होती, आमच्या राजेळी केळ्यांची. ती मी मुद्दाम या दिवसासाठी ठेवली होती, कारण केक या घरात चालणार नव्हता. घरमालकिणीने एक तुकडा उचलला, वास घेतला आणि विचारले, "यात अंडं? लोणी? साखर?" मी म्हटले, "केळं आणि ऊन, दोनच जिन्नस." उपवासाला चालेल असा निर्वाळा मिळाला आणि पुडा दहा मिनिटांत संपला.

रात्री दूरध्वनी केंद्रातून आईशी बोलले. तिने विचारले, "जेवलीस काय?" म्हटले, "शिरो." "शिरा?" "नाही गं, पिठलं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विषय बदलत म्हणाली, "बाजूच्या घराचं काम चाललंय ना, मोखाड्याची माणसं आहेत, वाडीतच ताडपत्री बांधून राहिलीत. करंज्या दिल्या त्यांना. विचारलं, तुमचा सण कधी? तर म्हणाली, होळीला. होळीला गावी जाऊ." मी ऐकले आणि फोन ठेवला. त्या वाक्याचे वजन मला पुढे दोन वर्षांनी कळले.

तेरा दिवसांनी गेन्ना आला. आदल्या रात्रभर पांढरी वस्त्रे पांघरलेली माणसे चर्चच्या आवारात उभी होती. सकाळी उपवास सुटला. कोंबडीचा लाल रस्सा, त्यात उकडलेली अंडी. घरमालकिणीने इंजेऱ्याच्या तुकड्यात घास बांधला आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. याला तिथे 'गुर्शा' म्हणतात. आपल्याकडे 'घास भरवणे' म्हणतात, पण आपण तो लहान मुलांना आणि नवरा-नवरीला भरवतो. तिथे तो पाहुण्यालाही भरवतात, आणि घास जितका मोठा तितके प्रेम जास्त! दुपारी मैदानात मुले वाकड्या काठ्यांनी लाकडी चेंडू टोलवत होती. या खेळाचे नावही गेन्नाच. ख्रिस्तजन्माची वार्ता ऐकून मेंढपाळांनी आनंदाने हाच खेळ मांडला, असे तिथली माणसे सांगतात.

दुसऱ्या वर्षी एक रात्र अशी आली, जी मी विसरणार नाही. २६ नोव्हेंबर २००८. दूरचित्रवाणीवर मुंबई जळताना दिसत होती. माझा भाचा दक्षिण मुंबईत रात्रपाळीला होता. फोन लागत नव्हता. घरमालकीण मुलीला घेऊन माझ्या खोलीत आली, शेगडी आणली, निखाऱ्यावर सुरई ठेवली आणि बसून राहिली. तिने काही विचारले नाही. थोड्या थोड्या वेळाने एकच शब्द म्हणत होती, "ऐझोश." या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. धीर धर, मी आहे, हेही निभेल, असे तिन्ही त्यात आहे. पहाटे वसईचा फोन लागला. भाचा सुखरूप होता. ती उठली, शेगडी उचलली आणि कामाला गेली.

त्यानंतर महिन्याने, २५ डिसेंबरला सकाळी मी दार उघडले तर उंबऱ्याबाहेर ताजे हिरवे गवत पसरलेले होते. तिथे सणाच्या दिवशी घरात असे गवत पसरतात. घरमालकिणीचा उपवास चालू होता, तिचा सण अजून तेरा दिवस दूर होता. तिच्या दारात गवत नव्हते. माझ्या दारात होते. मी तिचे पंचांग शिकले होते, त्यात विशेष काही नाही, ते माझे कामच होते. तिने माझे पंचांग शिकून घेतले होते, आणि ते तिला कुणी सांगितले नव्हते.

२००९ मध्ये मी परत आले. वाडीतल्या त्या वडीलधाऱ्या माणसाचा प्रश्न माझ्यासाठी थांबलेलाच होता. मी जव्हार-मोखाड्यात आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी जाऊ लागले. आणि पहिल्याच हिवाळ्यात एक गोष्ट लक्षात आली. आमच्या तक्त्यात डिसेंबर आणि जानेवारीत वजन घेणे, लसी देणे, गरोदर बायकांची तपासणी, असे सगळे व्यवस्थित आखलेले असे. पाड्यावर जावे तर निम्म्या झोपड्यांना कुडाची दारे लावलेली. म्हातारी माणसे तेवढी बसलेली. "कुठे गेली माणसं?" "जगायला गेली." भात कापून झाले, दिवाळी आटोपली, की जोडपी मुलाबाळांसकट वीटभट्टीवर, बांधकामावर, वाडीच्या कामाला निघतात. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते. परतायचे ते होळीला. आमच्या वहीत नाव असलेली गरोदर बाई त्या वेळी भिवंडीच्या नाहीतर वसईच्या हद्दीत कुठल्या तरी भट्टीवर असते. गावाच्या वहीत ती गैरहजर, आणि जिथे ती खरोखर असते तिथल्या वहीत तिचे नावच नसते. तिचे दिवस भरतात ते आपल्या कॅलेंडरच्या याच पानावर.

बहिर दारमध्ये पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होते की मी परकी आहे. म्हणून मी घड्याळ शिकले, महिने शिकले, होकाराचा श्वाससुद्धा शिकले. मोखाड्यात मात्र आपण सगळे मराठी बोलतो, एकाच जिल्ह्याचे आहोत, तेव्हा शिकण्यासारखे काही नाही, असे शासनापासून सेवाभावी मंडळींपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. वारली, कोकणा, कातकरी यांच्या बोली वेगळ्या, वर्ष वेगळे, सण वेगळा. आपला तक्ता जानेवारीत सुरू होतो, त्यांचा पावसाने. त्यानंतर आम्ही काही जणींनी मिळून एवढेच केले, की होळीनंतरच्या आणि पावसाळ्यातल्या भेटी वाढवल्या, आणि डिसेंबरात पाड्याऐवजी वसई परिसरातल्या भट्ट्यांवर जाऊ लागलो. काम फार मोठे नाही. पण बायका सापडू लागल्या.

त्यामुळे तुम्ही मला आज विचारलेत, की मोखाडा सोडून परदेशी जाण्याची गरज होती का, तर मी सांगेन, मला होती. परके होऊन राहिल्याशिवाय परक्याकडे कसे पाहावे हे मला कळले नसते. यात एक फरक मात्र विसरून चालणार नाही. मी स्वखुशीने गेले होते. परतीचे तिकीट माझ्या पासपोर्टमध्ये होते, आजारी पडले तर विमा होता. ताडपत्रीखाली राहणाऱ्या जोडप्यापाशी यातले काहीच नसते. म्हणून आमच्या दोघांच्या एकटेपणाची बरोबरी मी करणार नाही.

बहिर दारशी संबंध अजून आहे. त्या देशाने २०२० नंतर भीषण युद्ध पाहिले, २०२३ पासून अम्हारा प्रांतही धुमसू लागला. कधी फोन लागतो, कधी महिनोन्‌महिने लागत नाही. लागला की घरमालकीण आधी पावसाचे विचारते आणि मग आमचे बाळ आले का ते विचारते. आता "ऐझोश" म्हणायची पाळी माझी असते.

परदेशी सेवेला जाऊ इच्छिणारी तरुण मुले-मुली मला अधूनमधून भेटायला येतात. कपडे काय न्यावेत, पैसे किती लागतील, असे त्यांचे प्रश्न असतात. मी सांगते, जाण्याआधी तिथले सण, उपवास आणि सुगीचे महिने लिहून काढा. पहिले सहा महिने भाषेला द्या, मग कामाची घाई करा. आणि आपला सण आला, की खोलीत बसून राहू नका, ओसरीवर काहीतरी टांगा. कुणीतरी विचारतेच.

जे कुठेही जाणार नाहीत, त्यांच्यासाठी काम आणखी सोपे आहे. या दिवसांत वसई-विरारमध्ये आपल्या आसपास ज्यांची घरे दूर आहेत अशी माणसे असतात. बांधकामावर, भट्टीवर, बोटीवर, इमारतीच्या फाटकाशी, रुग्णाच्या उशाशी. करंज्या द्याच. पण त्याबरोबर त्यांना विचारा, तुमचा सण कधी असतो, आणि घरी कधी जाणार? बाई गरोदर असेल तर तिचे दिवस विचारा, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात तिचे नाव लिहून या.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.